मागे फेकलेली हवा

विमानतळावर विमान बघायला गेलेला माणूस विमानाचं तोंड बघतो. छोट्या विमानाचा पायलट मात्र मोठ्या विमानाची शेपटी बघतो. टॅक्सीवेवर आपलं चिमुकलं सेसना घेऊन रांगेत उभं राहायचं आणि पुढे एखादं बोइंग असेल, तर त्याची इंजिनं चालू आहेत का, ते आता हलणार आहे का, वळणार असेल तर कुठल्या बाजूला, हे सगळं त्याला बघावं लागतं. कारण मोठं विमान जागचं हलताना जी हवा मागे फेकतं, तिला जेट ब्लास्ट म्हणतात, आणि ती छोटं विमान उचलून उलथं टाकू शकते. उडताना नाही, जमिनीवर. म्हणजे अजून टेक-ऑफ व्हायचाय आणि विमान पाठीवर पडलेलं!

ही हवा मागे फेकण्याच्या धंद्यात ज्याने उभं आयुष्य घातलं त्या माणसाचं नाव फ्रँक व्हिटल. आपल्याकडे मेकॅनिकलच्या मुलांना तो गॅस टर्बाइनच्या चॅप्टरमध्ये भेटतो, तेही दीड ओळीत. सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरची आकृती काढायची, चार मार्क घ्यायचे, पुढे जायचं. त्या आकृतीमागचा माणूस मात्र फार मजेशीर, हट्टी आणि शेवटी शेवटी जरा दुःखी असा होता. म्हणून हा लेख.

फ्रँकचा जन्म १ जून १९०७ चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावचा. वडील मोझेस व्हिटल हे मेकॅनिक. पुढे त्यांनी शेजारच्या लेमिंग्टन स्पा गावात व्हॉल्व्ह आणि पिस्टन रिंग बनवणारा एक छोटा कारखाना घेतला. कारखाना म्हणजे काय, दोन-चार लेथ आणि एक इंजिन. पोरगा शाळेतून आला की वर्कशॉपमध्ये हात काळे करायचा, आणि त्याचे त्याला थोडे पैसे मिळायचे. आपण फर्स्ट इयरला फायलिंगचा जॉब करताना ज्या शिव्या घालतो (मनातल्या मनात), ते काम हा मुलगा दहाव्या-अकराव्या वर्षी हौसेने करत होता. उरलेला वेळ गावच्या लायब्ररीत. अभ्यासाच्या पुस्तकांपेक्षा विमानं, टर्बाइन, खगोलशास्त्र असलं काहीतरी वाचायचं. शाळेत मार्क बेताचेच.

पंधराव्या वर्षी त्याने रॉयल एअर फोर्सच्या अप्रेंटिसशिपसाठी परीक्षा दिली आणि ती पास झाला. पण मेडिकलला उडाला. उंची जेमतेम पाच फूट आणि छाती अरुंद. आता कोणीही घरी बसला असता. ह्याने तिथल्या एका पी.टी. इन्स्ट्रक्टरकडून व्यायाम आणि आहार लिहून घेतला, सहा महिने तो इमानेइतबारे केला, आणि उंची व छाती दोन्ही तीन-तीन इंचांनी वाढवली. परत गेला तर सांगितलं, एकदा नाकारलेल्याला पुन्हा घेत नाही. मग त्याने सरळ नव्याने अर्ज टाकला, जणू काही आधीचा व्हिटल कोणी दुसराच होता. परीक्षा परत, मेडिकल परत, आणि सप्टेंबर १९२३ मध्ये तो आत. सरकारी नियमाशी झालेली ही त्याची पहिली झटापट. पुढच्या सगळ्या झटापटी ह्याच चालीवर झाल्या, फक्त पुढे पुढे त्या इतक्या सोप्या राहिल्या नाहीत.

अप्रेंटिस म्हणजे एअरफोर्समधला सगळ्यात खालचा तांत्रिक माणूस. शिस्तीचा कंटाळा, परेडचा तिटकारा. पण मॉडेल विमानं बनवण्यात हा एक नंबर. त्या मॉडेलांमुळेच वरिष्ठांची नजर गेली आणि १९२६ मध्ये त्याला क्रॅनवेलच्या ऑफिसर कॉलेजात जागा मिळाली. अप्रेंटिसमधून तिथे जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे तो उडायला शिकला. आणि उडायचा कसा, तर बेफाम. पुढे १९३० मध्ये हेंडनच्या एअर शोसाठी ‘क्रेझी फ्लाइंग’ची प्रॅक्टिस करताना त्याने दोन विमानं मोडली. स्वतः शाबूत.

क्रॅनवेलला प्रत्येक कॅडेटला एक प्रबंध लिहावा लागे. आपल्या सेमिनार रिपोर्टसारखंच ते. व्हिटलने १९२८ मध्ये विषय घेतला, विमानांच्या रचनेत पुढे काय होईल. वय वर्षं एकवीस. त्याचा मुद्दा साधा होता. खूप वेगाने आणि दूर जायचं तर खूप उंचावर उडलं पाहिजे, कारण तिथे हवा विरळ आणि ड्रॅग कमी. पण विरळ हवेत पिस्टन इंजिन धापा टाकतं आणि पंख्याला पकडायला हवाच नसते. म्हणजे इंजिन आणि पंखा दोन्ही बदलले पाहिजेत. काय आणायचं त्यांच्या जागी? त्या प्रबंधात त्याच्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. ते सुचलं वर्षभराने, १९२९ मध्ये, विटरिंगला इन्स्ट्रक्टरचा कोर्स करताना. आधी तो पिस्टन इंजिनाने कॉम्प्रेसर फिरवायच्या कल्पनेशी खेळत होता. मग त्याच्या डोक्यात आलं की पिस्टन इंजिन काढूनच टाकावं. कॉम्प्रेसर हवा दाबेल, तिच्यात इंधन जळेल, तापलेला गॅस टर्बाइन फिरवेल, टर्बाइन तो कॉम्प्रेसर फिरवेल, आणि एवढं करून जो गॅस उरेल तो मागे सुसाट बाहेर पडेल. पंखा नकोच. तो गॅसच विमानाला ढकलेल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण सगळा मामला तिच्यावर उभा आहे. न्यूटनचा तिसरा नियम आपण नववीत पाठ केला तो हाच. जेट इंजिन पुढे ढकलतं म्हणजे काय करतं, तर हवा मागे फेकतं. दुसरं काहीही करत नाही. जितका थ्रस्ट पुढे, तितकाच धक्का मागच्या हवेला. त्यामुळे जेट ब्लास्ट हा इंजिनाचा दोष नाही, की गळती नाही, की डिझाइनमधली चूक नाही. तेच इंजिनाचं काम आहे. ज्या हवेमुळे विमान उडतं, तीच मागे उभ्या असलेल्याला लागते. ही हवा कधी पूर्ण घालवता येणार नाही, फक्त तिची वाट चुकवता येते.

असो. व्हिटलकडे परत.

कल्पना घेऊन तो एअर मिनिस्ट्रीत गेला. तिथे ए. ए. ग्रिफिथ नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते, ते स्वतः टर्बाइनवर काम करत होते, पण पंखा फिरवायच्या टर्बाइनवर. त्यांनी व्हिटलच्या आकडेमोडीत एक चूक काढली, आणि तो फारच आशावादी आकडे धरतोय, असा निर्वाळा दिला. तेव्हाच्या धातूंना ते तापमान झेपणार नाही, हे मिनिस्ट्रीचं म्हणणं तसं खोटंही नव्हतं. पण नाही म्हणणं आणि बघूया तरी म्हणणं ह्यात फरक असतो. व्हिटलचा एक सहकारी पॅट जॉन्सन आधी पेटंटच्या कामात होता. त्याने भरीस घातलं आणि जानेवारी १९३० मध्ये व्हिटलने पेटंटचा अर्ज केला. मिनिस्ट्रीला त्यात इतका कमी रस होता की ते गुप्त ठेवायचीही कोणाला गरज वाटली नाही. पेटंट मंजूर झालं, छापलं गेलं, जगात कोणालाही वाचायला मोकळं.

पुढची काही वर्षं तो एअरफोर्समध्ये नोकरी करत राहिला. लग्न झालं, दोन मुलं झाली. सी-प्लेन्सचा टेस्ट पायलट झाला. १९३२ मध्ये इंजिनीअरिंगच्या कोर्सला गेला, तिथे इतके मार्क पडले की एअरफोर्सने त्याला केंब्रिजला पाठवलं. १९३६ मध्ये तो मेकॅनिकल सायन्सेसमध्ये फर्स्ट क्लास घेऊन बाहेर पडला. बायको-मुलं सांभाळून, आणि शेवटच्या वर्षी शेजारी एक कंपनी काढून! (आपण मेस बंद असली की सबमिशन पुढे ढकलायला सांगतो.)

पण त्याच्या आधी, १९३५ मध्ये, पेटंटच्या नूतनीकरणाची वेळ आली. फी पाच पौंड. मिनिस्ट्रीने कळवलं, सरकारी खर्चाने ती भरली जाणार नाही. पगारदार ऑफिसर, दोन लहान मुलं, घरात आजारपण. व्हिटलनेही भरली नाही. आणि जेट इंजिनाचं पेटंट लॅप्स झालं. पाच पौंडांसाठी. हे वाचून सगळे हळहळतात, मीही हळहळलो. पण मला विचाराल तर खरं नुकसान पाच पौंडांचं नव्हतंच, वेळेचं होतं. १९३० ते १९३५ ही पाच वर्षं त्या इंजिनावर कोणी एक बोल्टसुद्धा कापला नाही.

वेळ जात असताना त्याचे क्रॅनवेलचे जुने दोस्त उगवले. रॉल्फ डडली-विल्यम्स आणि टिनलिंग हे एअरफोर्समधून निवृत्त झालेले दोघे पैसे उभे करायला तयार झाले, एका गुंतवणूक संस्थेला पटवलं, आणि १९३६ मध्ये ‘पॉवर जेट्स’ ही कंपनी निघाली. व्हिटल त्या कंपनीचा मानद चीफ इंजिनीअर. मानद, कारण तो अजूनही सरकारचा नोकर. आठवड्याला सहा तास काम करायची परवानगी होती. सहा तास! कोणी मोजत नव्हतं हे नशीब.

पहिलं इंजिन बनलं रग्बी गावात, एका टर्बाइन बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या आवारात. १२ एप्रिल १९३७ ला ते पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर चाललं. व्हिटलने फ्युएल व्हॉल्व्ह उघडला आणि इंजिन किंचाळत वेग घ्यायला लागलं. त्याने व्हॉल्व्ह बंद केला, तरी वेग वाढतोच आहे. कम्बश्चन चेंबरचा पत्रा तापून लाल झाला. आजूबाजूचे सगळे पळाले, काही जण मोठ्या टर्बाइनच्या आडोशाला गेले. व्हिटल तेवढा कंट्रोलजवळ उभा राहिला. शौर्य म्हणून नाही, भीतीने पाय हलले नाहीत म्हणून, असं त्यानेच पुढे प्रांजळपणे लिहून ठेवलं. कारण सापडलं ते अगदी वर्कशॉपमधलं होतं: इंधन गळून चेंबरच्या तळाशी त्याचं डबकं साचलं होतं, व्हॉल्व्ह बंद केला तरी ते जळतच होतं. तळाला एक ड्रेन काढला, तो प्रश्न सुटला. मग दुसरे सुरू झाले. ब्लेड तुटणं, बेअरिंग जाणं, ज्वाला नको तिथे पेटणं. पैसा तर कधीच पुरला नाही. एका इंजिनाचे तुकडे दुसऱ्यात वापरायचे, मोडलं की जोडायचं. १९३८ मध्ये आवाजाला आणि धोक्याला वैतागून सगळा संसार लटरवर्थ गावच्या एका जुन्या फाउंड्रीत हलवला.

इकडे जर्मनीत हान्स फॉन ओहाइन नावाचा तरुण तेच करत होता, पण पाठीशी हाइनकेलसारखा विमान कारखानदार होता. २७ ऑगस्ट १९३९ ला, महायुद्ध सुरू व्हायच्या पाच दिवस आधी, जर्मनांचं हाइनकेल १७८ उडालं. जगातलं पहिलं जेट विमान. व्हिटलचं इंजिन तेव्हा नुकतंच कुठे वीस मिनिटं नीट चालायला लागलं होतं.

त्याची पाळी आली १९४१ मध्ये. ग्लॉस्टर कंपनीने ई २८/३९ नावाचं छोटंसं विमान बांधलं. पंखा नसल्यामुळे त्याला उंच पाय लागत नव्हते, म्हणून ते जमिनीला टेकल्यासारखं दिसायचं. ७ एप्रिलला ब्रॉकवर्थच्या ओल्या गवताच्या मैदानावर त्याचं टॅक्सीइंग सुरू झालं. पहिल्या दिवशी इंजिनाचे फेरे मुद्दाम मर्यादित ठेवले होते, त्यामुळे विमान चिखलात कसंबसं सरकलं आणि टेस्ट पायलट जेरी सेयर निराश झाला. व्हिटलने स्वतःही काही फेऱ्या मारल्या. आपलं इंजिन घेऊन विमान जमिनीवर पळवण्याचा तो आनंद, चौदा वर्षांच्या पोरासारखा. दुसऱ्या दिवशी फेरे वाढवले तर विमानाने जमिनीवरून तीन छोट्या उड्या मारल्या. आणि १५ मे १९४१ ला क्रॅनवेलच्या धावपट्टीवरून, जिथे त्याने तो प्रबंध लिहिला होता तिथूनच, सेयरने ते सतरा मिनिटं उडवलं.

त्या इंजिनाचा थ्रस्ट होता ८६० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने ३९० किलोच्या आसपास. हा आकडा धरून ठेवा.

एअर इंडियाने घेतलेल्या बोइंग ७७७-३००ईआर विमानाच्या एका इंजिनाचा टेक-ऑफ थ्रस्ट आहे १,१५,००० पौंड, आणि इंजिनं दोन. म्हणजे एकेक इंजिन व्हिटलच्या त्या इंजिनाच्या १३३ पट. टॅक्सी करताना पूर्ण थ्रस्ट कोणी वापरत नाही हे खरं. पण समजा फक्त विसावा भाग वापरला, तरी मागे फेकलेल्या हवेचा धक्का व्हिटलच्या पूर्ण जोरात चाललेल्या इंजिनाच्या सहापटींहून जास्त. आणि उभं असलेलं जड विमान जागचं हलवायला नेहमीच्या टॅक्सीइंगपेक्षा जास्त पॉवर द्यावी लागते. एकदा चाकं फिरली की पायलट ती कमी करतो. बैलगाडीसारखंच आहे, पहिला हिसका मोठा. म्हणून छोट्या विमानाला सगळ्यात वाईट क्षण तो, जेव्हा पुढचं थांबलेलं मोठं विमान निघतं. दुसरा वाईट क्षण वळणावरचा. मोठं विमान नव्वद अंशात वळलं की त्याचा झोत झाडूसारखा टॅक्सीवेवरून फिरतो, आणि आतापर्यंत बाजूला सुरक्षित उभा असलेला माणूस अचानक त्यात सापडतो.

आता छोटं विमान. सेसना १७२ हे जगभर फ्लाइंग क्लबांतून दिसणारं चार सीटचं विमान. रिकामं वजन साधारण साडेसातशे किलो, पंखांचं क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. फ्लुइड मेकॅनिक्सचा अर्धा रो व्ही स्क्वेअर आठवा. वारा ताशी १०० किलोमीटर असेल तर दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलोचा दाब. गुणिले १६. झाले साडेसातशे किलो! लिफ्ट कोएफिशंट एक धरला तर त्या वाऱ्यात रिकामं विमान जवळजवळ तरंगायला तयार आहे. पायलट आत बसलेला आहे, इंधन भरलेलं आहे, कबूल. पण वारा दोन्ही पंखांवर सारखा थोडाच येतो? मोठ्या विमानाच्या मागून आडवं जाताना झोत एका बाजूने येतो, त्या बाजूचा पंख उचलला जातो, दुसरा टेकतो, आणि विमान त्यावरून लोळतं. वारा पाठीमागून आला तर शेपटी उचलली जाते, नाक खाली जातं, आणि फिरता पंखा जमिनीला आपटतो. असं झालं की नुसता पंखा बदलून भागत नाही, इंजिन खोलून तपासावं लागतं. छोट्या क्लबला तो खर्च म्हणजे वर्षाचं कंबरडं मोडणं. हे वर्गाचं गणित आहे हेही बघा. वारा दुप्पट तर दाब चौपट. अंतर निम्मं केल्याने काय फरक पडतोय, असं इथे चालत नाही.

ह्यावर पायलटला शिकवलेले उपाय आहेत. पहिला म्हणजे मागे राहा, घाई करू नका, कंट्रोल टॉवरने जा म्हटलं तरी पुढचं विमान निघून जाईपर्यंत थांबतो असं सांगायचा हक्क आहे. दुसरं, मोठ्या विमानावरचा लाल बीकन बघा. तो लागला असेल तर इंजिन चालू आहे किंवा होणार आहे. तिसरं, वारा मागून येत असेल तर स्टिक पुढे धरायची, म्हणजे एलिव्हेटर खाली जातो आणि वारा शेपटीला जमिनीवर दाबतो. तिरका मागून असेल तर ज्या बाजूने येतोय त्या बाजूचं एलेरॉन खाली. हे सगळं विंडसॉक बघून करायचं असतं. पण विंडसॉक निसर्गाचा वारा दाखवतो, शेजाऱ्याच्या इंजिनाचा नाही! तो वारा दिसतच नाही. फार तर धावपट्टीवरची धूळ उडताना किंवा उन्हात हवा थरथरताना दिसेल. आणि झोताची उष्णता लवकर विरते, जोर मात्र बराच लांबपर्यंत टिकतो, त्यामुळे गरम लागलं नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही.

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांच्यासाठी: कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावरचा विमानतळ. तिथे धावपट्टीच्या टोकाला लागूनच कुंपण आहे, मग रस्ता, मग समुद्रकिनारा. पर्यटक मजा म्हणून कुंपणाला धरून उभे राहतात आणि टेक-ऑफ घेणाऱ्या विमानाचा झोत अंगावर घेतात. धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत. जुलै २०१७ मध्ये न्यूझीलंडची एक बाई अशीच उभी होती, झोताने ती मागे फेकली गेली, डोक्याला मार लागून वारली. विमान कुठलं, तर ७३७. ७७७ नव्हे.

आपल्याकडे बारामती, धुळे, गोंदिया इथे शिकणाऱ्या मुलांना मोठी जेट सहसा भेटत नाहीत. नागपूर फ्लाइंग क्लबची विमानं मात्र वर्षानुवर्षं सोनेगावच्या त्याच विमानतळावरून उडाली, जिथून प्रवासी जेट उडतात. पण छोट्या फील्डवर शिकलेला पोरगाही कधीतरी क्रॉस-कंट्रीला मोठ्या विमानतळावर उतरतो. त्याच्या लॉगबुकात तास भरपूर असतील, पण ७३७ च्या मागे उभं राहायचा अनुभव शून्य.

जेटचा झोत जमिनीवर काय करतो हे युद्धातल्या इंजिनीअरांनाही लगेच कळलं. जर्मनांच्या मेसरश्मिट २६२ च्या पहिल्या नमुन्यांना जुन्या पद्धतीचं शेपटीखालचं चाक होतं. विमान शेपटीवर बसलेलं, त्यामुळे झोत सरळ जमिनीवर. एलिव्हेटरला नीट वारा मिळेना, शेपटी उचलेना. १९४२ मध्ये टेस्ट पायलटने भर वेगात ब्रेकला हलकेच पाय लावून नाक झुकवलं आणि तसं उड्डाण केलं! नंतर त्यांनी पुढे चाक लावलं. ग्लॉस्टरच्या विमानाला ते पहिल्यापासून होतं. आज विमानतळांवर धावपट्टीच्या टोकाला वळवलेल्या पत्र्यांचं कुंपण असतं, ते झोताला वर आभाळात वळवतं. तेवढंच करता येतं.

व्हिटलने स्वतः ह्यातला एक महत्त्वाचा भाग १९३६ मध्येच ओळखला होता. थ्रस्ट मोजतो तो वस्तुमान गुणिले वेग, पण ऊर्जा खर्च होते ती वेगाच्या वर्गात. म्हणजे थोडी हवा भन्नाट वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने फेकलेली स्वस्त पडते. त्याने त्याचंही पेटंट घेतलं, ज्याला आपण आज बायपास किंवा टर्बोफॅन म्हणतो. ७७७ च्या इंजिनाचं तोंड एवढं मोठं असतं ते ह्याच कारणाने. त्यामुळे इंधन वाचलं, आवाज कमी झाला. पण मागे उभ्या सेसनाला त्याचा फायदा नाही, कारण झोत आता जास्त रुंद आणि हवेने जास्त भरलेला.

उड्डाण यशस्वी झाल्यावर व्हिटलचं नशीब उघडायला हवं होतं. झालं उलटं. जी मिनिस्ट्री पाच पौंड देत नव्हती, तिला आता हजारो इंजिनं हवी होती. ती बनवायचं काम रोव्हर मोटर कंपनीला दिलं. रोव्हरचे लोक व्हिटलच्या डिझाइनमध्ये आपले बदल करायला लागले, भांडणं सुरू झाली, इंजिनं काही येईनात. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये एक इंजिन विमानात घालून अमेरिकेला पाठवलं. तिथे जनरल इलेक्ट्रिकने वर्षभरात त्यावरून इंजिन बनवून विमान उडवलंसुद्धा. शेवटी १९४३ मध्ये रोल्स-रॉईसने रोव्हरकडून जेटचं काम घेतलं आणि त्याच्या बदल्यात आपला रणगाड्याच्या इंजिनाचा कारखाना दिला. रोल्सच्या स्टॅन्ली हुकरचं आणि व्हिटलचं जमलं, आणि गाडी रुळावर आली. जुलै १९४४ मध्ये मिटिऑर हे ब्रिटनचं पहिलं लढाऊ जेट स्क्वाड्रनमध्ये दाखल झालं.

तोवर माणूस खचला होता. झोप नाही, दिवसाला सिगरेटींची पाकिटंच्या पाकिटं, जागं राहायला गोळ्या, झोपायला गोळ्या. नर्व्हस ब्रेकडाउन होऊन तो महिनोन् महिने हॉस्पिटलमध्ये होता. आणि ह्याच काळात त्याने एक गोष्ट केली जी मला अजून कळत नाही. तो विचारांनी समाजवादी. सरकारी पैशावर वाढलेल्या ह्या धंद्याचा नफा खाजगी कंपन्यांनी का खावा, म्हणून सगळा जेट उद्योग राष्ट्रीय करा, असं त्यानेच मंत्र्यांना सुचवलं. स्वतःचे सुमारे ४७,००० पौंडांचे शेअर्सही देऊन टाकले. सरकारने सूचना अर्धीच उचलली. १९४४ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं ते फक्त त्याच्या पॉवर जेट्सचं. रोल्स-रॉईस, डी हॅव्हिलँड सगळे होते तिथेच. वर पॉवर जेट्सला इंजिन बनवायची मनाई झाली, फक्त संशोधन करा म्हणे. जानेवारी १९४६ मध्ये व्हिटलने राजीनामा दिला, आणि त्याच्या मागोमाग त्याची बरीचशी टीमही बाहेर पडली.

१९४८ मध्ये तो एअर कमोडोर म्हणून एअरफोर्समधून निवृत्त झाला. सर ही पदवी आणि एक लाख पौंडांचं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी भारतीय हवाई दलात पहिलं जेट आलं, व्हॅम्पायर. पुढे ते बंगलोरला एचएएलमध्ये बनलंही. त्याचं गॉब्लिन इंजिन डी हॅव्हिलँडचं, पण व्हिटलच्याच वाटेने गेलेलं, सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरवालं.

नंतरच्या आयुष्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि हेच वाईट आहे. वय चाळीस-एक्केचाळीस, आणि जेट इंजिनाच्या मुख्य कामातून तो बाहेर. एका विमान कंपनीचा सल्लागार झाला, मग तेलविहिरी खोदायचा टर्बाइनवर चालणारा ड्रिल बनवला. १९७६ मध्ये इंग्लंड सोडून अमेरिकेला गेला आणि मेरीलँडमधल्या नेव्हल अ‍ॅकॅडमीत शिकवू लागला. फॉन ओहाइनची आणि त्याची पहिली भेट १९६६ मध्ये झाली होती. पुढे दोघे चांगले मित्र झाले, एका व्यासपीठावर उभे राहून पोरांना लेक्चरं द्यायचे. १९९१ मध्ये इंजिनीअरिंगचं ड्रेपर प्राइझ दोघांना मिळून मिळालं.

ऑगस्ट १९९६ मध्ये कोलंबिया, मेरीलँड इथे व्हिटल वारला. अस्थी विमानाने, अर्थात जेटने, इंग्लंडला आणल्या, आणि क्रॅनवेलच्या चर्चमध्ये ठेवल्या.